सत्काराची शाल

भोरला मांडवाबाहेर मुली सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर लेझीम शिकवण्यात खुर्शिदाबाईंची हयात गेली होती. आज त्यांचा सत्कार. "आदी माझ्या पोरी खेळतील, मगच शाल घीन," एवढीच अट होती. पुढारी उगवले दुपारी. आयोजक बाईंच्या कानाशी लागला, "सायबांना टाइम न्हाई. पोरी नुसत्या मागं उभ्या करा, फोटोत बऱ्या दिसत्यात." बाईंना शिसारी आली. तोंड उघडायच्या आतच पोरी मंचावर लोटल्या, शाल खांद्यावर पडली. गेल्या सत्कारातून उरलेली असावी, डांबरगोळ्यांचा भपकारा आला. ऊन लागलेली, गुंजवणे गावची एक पोर भडाभडा ओकली. "आरं, गालिचा! गालिचा सांभाळा!" आयोजक किंचाळला. बाईंनी शाल ओढून काढली, पोरीचं तोंड पुसलं, हात पुसले. मग शाल व्यवस्थित घडी घालून आयोजकाच्या हातात ठेवली. "घ्या, ठेवा जपून. फुडच्या सत्काराला व्हईल."