उलटी कातर

"फिंटन! अरे ए फिंटन! आधी इकडे मर!"

शेजारचा फिंटन अर्धी दाढी तशीच ठेवून कुंपणाच्या फटीतून धावत आला. त्याला वाटलं, मॅलकीचा नवा बसवलेला खुबा निखळला की काय. पण मॅलकी शेडच्या दारात कुबडीवर धड उभा होता. फक्त चेहरा लालबुंद झाला होता.

सकाळपासूनच त्याचं बिनसलं होतं. इस्पितळातून परतल्यावरची घरची पहिली न्याहारी, आणि शेजारी बसलेल्या बायकोने, डिंप्नाने, नेहमीसारखं कोपर मारून त्याच्या बाहीवर चहा सांडवला होता. "सरळ बसून खाता येत नाही का गं तुला?" तो खेकसला होता. ती उठून फडकं आणायला गेली होती. बाही अजून ओली होती.

"हे काय आहे?" मॅलकीने आत कुबडी रोखली.

कामाच्या बाकावर पत्रा कापायची, दांडा ओढून चालवायची मोठी कातर बसवलेली होती. पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीच्या, गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात मॅलकीचा जन्म गेला. तिथून निघताना त्याने ती भंगारातून उचलली आणि घासूनपुसून चालती केली. बाकाच्या उजव्या टोकाला तिची जागा, ती आजवर हलली नव्हती. आता ती डाव्या टोकाला होती, तीही तोंड फिरवून. पत्रा दाबून धरायची पट्टी एका अंगाची दुसऱ्या अंगाला गेली होती. दांड्यावर हातभर पाइप चढवला होता आणि पाइपवर सायकलची जुनी रबरी मूठ. आणि बाकाला नवी भोकं पाडली होती. चांगल्या ओकच्या बाकाला!

"शेडची किल्ली तुझ्याकडे होती ना? मी तिकडे कंबर फाडून घेऊन पडलोय, आणि तू इथे माझ्या कातरीची वाट लावतोस?"

"मॅलकी, ऐक तरी..."

"काय ऐकू, डोंबल? हे बघ!" मॅलकीने दांडा धरायला उजवा हात घातला. तो छातीवरून आडवा गेला, अंग पिळवटलं, कुबडी निसटता निसटता राहिली. "अशी कातर माणसाने चालवायची कशी? शेंबड्या पोरालाही कळेल, उलटी बसलीय! गाढवपणाला काही सुमार?"

फिंटन एक पाऊल मागे सरकला, तसा मॅलकीला आणखी चेव आला.

"खुराड्यावर छत घातलंस, त्याचे उपकार आहेत. माझ्याकडून राहिलं ते राहिलंच, दोन हिवाळे कोल्ह्याने कोंबड्या नेल्या. आणि पत्रा काय कापलायस, एकदम रेषेत! मग एवढा चांगला हात असताना हा उपद्व्याप कशाला सुचला?"

फिंटनने गालावरचा साबण पुसला. "छत मी नाही घातलं."

"मग काय कोल्ह्याने घातलं?"

"मी घातलं," मागून आवाज आला. डिंप्ना अंगणात उभी होती, काखेत पत्र्याचा तुकडा. "कातरही मीच फिरवली. त्याने नुसतं ड्रिल आणून दिलं. त्याच्यावर कशाला तोंड टाकतोस?"

मॅलकीला हसूच फुटलं. "तू? तुला काय कळतंय त्यातलं? फिंटन, तो पाना दे इकडे. आत्ताच्या आत्ता कातर जागेवर गेली पाहिजे."

"पान्याला हात तर लावून बघा कुणी!"

डिंप्नाचा एवढा चढा आवाज त्या अंगणाने कधी ऐकला नव्हता. फिंटनचा पुढे गेलेला हात तिथेच थांबला. ती नवऱ्याला ओलांडून आत गेली. उजव्या हाताने पत्रा सरकवला, डाव्या हाताने दांडा ओढला. कच्चकन पत्र्याची पट्टी कापली जाऊन खाली पडली. तिची कड अगदी सरळ होती.

मॅलकी बघतच राहिला. "तू डावखुरी आहेस? छे! सही उजव्या हाताने करतेस. लग्नाच्या दिवशी मी स्वतः पाहिलंय."

"लिहायचं तेवढं उजव्याने. शाळेत सिस्टर डावा हात खुर्चीला बांधून ठेवायच्या, म्हणून. बाकी सगळं डाव्यानेच. बटाटे सोलते, पाव कापते, महिन्याच्या महिन्याला तुझे केस कापते. तुझ्या डोळ्यांदेखत."

"मग... मग कधी बोलली का नाहीस?"

डिंप्नाने उरलेला पत्रा बाकावर आपटला.

"काय बोलायचं? लग्न झाल्यापासून माझं कोपर लागतं म्हणून खेकसतोस. कुठलं कोपर लागतं, ते तरी एकदा बघायचंस!"