निराधार

वडीगोद्रीच्या धर्मराजची मोसंबीची अकरा एकर बाग होती. त्याची म्हातारी आई, चतुराबाई, बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची. एका सकाळी तो स्वतः आपली जीप घेऊन तिला न्यायला आला, तेव्हा लेकाला आपली याद आली म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, "आजी, मूलबाळ कोणी?"

धर्मराज मागून कुजबुजला, "न्हाई म्हण आये. सरकारचा निराधाराचा पगार चालू होईल."

चतुराबाईनं मागं वळून त्याच्याकडं बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "न्हाई."

कागदावर तिचा अंगठा उठला. बाहेर येताच धर्मराज खुशीत म्हणाला, "चल जल्दी, जीपमधी बस."


चतुराबाई एसटी स्टँडकडं वळली. "परक्याच्या गाडीत बसत नसते मी."