माशांची कोठी

"रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांनी तंबूतच राहायचं. घरात राहिलं की माणूस ऐदी होतो, रेनडियर सांभाळत नाही," स्वीडिश अधिकाऱ्याने हुकूम वाचून दाखवला. "लाकडी घर दिसलं तर पाडणार."

म्हाताऱ्या सामी रिस्तेनने मान डोलावली आणि त्याला तंबूत बसवलं. तिचे गुडघे थंडीने धरतात म्हणून लेकाने गेल्या उन्हाळ्यात टेकडीमागे एक लाकडी घर बांधलं होतं. ते वाचवायचं तर साहेब इथूनच परत जायला हवा होता.

पण बर्फाचं वादळ सुटलं. धुराने साहेबाचे डोळे चुरचुरले, दात वाजू लागले. तासाभरात तो काळानिळा पडला. "ह्याहून उबदार जागा नाही का?" त्याने कसंबसं विचारलं.

टेकडीमागचं घर दाखवलं तर तो ते पाडणार. पण माणूस डोळ्यांदेखत गारठून मरू कसा द्यायचा?

"माशांची कोठी आहे," ती म्हणाली.

टेकडीमागच्या त्या 'कोठीत' शेगडी धगधगत होती, पलंगावर मऊ कातडी अंथरली होती. साहेबाने खिडकीच्या फुलाफुलांच्या पडद्याकडे पाहिलं.

"मासे लाजतात," रिस्तेन म्हणाली.

साहेबाने शेगडीकडे पाय केले, तीन कप कॉफी घेतली, वहीत 'माशांची कोठी, एक' असं लिहिलं आणि तो पलंगावर आडवा झाला.

वादळ थांबलं, ऊन पडलं, बाहेर साहेबाच्या बर्फगाडीला जुंपलेला रेनडियर ताटकळला. रिस्तेनने दोनदा हाक मारली. साहेबाने नुसती कूस बदलली.

"सरकारचं म्हणणं मला आता पटलं, साहेब," ती म्हणाली. "घरात राहिलं की माणूस ऐदी होतो."