दोन तृतीयांश

गुरुवारी सकाळी न्यू जर्सीतल्या घरी अण्णा चहात बिस्कीट बुडवत होते. त्यांच्या छातीतलं यंत्रहृदय शुक्रवारी दुपारी बारा वाजता आपोआप बंद होणार होतं. अशा हृदयांवरची दहा वर्षांची सरकारी मुदत खालच्या कोर्टाने रद्द केली होती. वरच्या कोर्टाने तो निकालच फिरवला.

“संसद नवा कायदा करेल, शर्वाणी,” अण्णा मुलीला म्हणाले. “राष्ट्राध्यक्षांनी सही नाकारली, तरी दोन तृतीयांश मतांनी होतो. नागरिकत्वाच्या परीक्षेत बरोबर सांगितलं होतं मी!”

“तुमची परीक्षा झाली, अण्णा. आता त्यांची आहे.”

“उतावीळ आहेस. अगदी आईवर गेलीस.”

भारतात अशी मुदत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी ते हृदय चालू ठेवलं असतं. संध्याकाळच्या विमानाची दोन तिकिटं शर्वाणीने काढून ठेवली होती. पण अण्णांचा विश्वास तिला मोडवेना. तिकिटं तिने दाखवलीच नाहीत.

कायदा झाला. अण्णा म्हणाले होते तसाच, दोन तृतीयांश मतांनी; त्यांच्या तेराव्याच्या दिवशी.

बातमी बंद करून ती त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

“अण्णा, पुरे झालं यांचं,” ती मोठ्याने म्हणाली. “उठा, आपण सांगलीला जाऊ.”