अर्धा किलो माती

“पिशवी तूच भर,” आप्पासाहेब गाडीची काच खाली करून म्हणाले. पांढऱ्या लेंग्याला चिखल लागेल म्हणून मालक रानात उतरलेच नाहीत. “दहा ठिकाणची माती, अर्धा किलो. संध्याकाळी बंगल्यावर आणून दे. रिपोर्ट चांगला आला, की रान नर्सरीवाल्याला.”

कौशल्यानं खिडकीतून पिशवी घेतली. खराडीतल्या उंच इमारतींच्या मधला हा वीस गुंठ्यांचा तुकडा ती अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर कसत होती. असल्या कागदावर शहाणा माणूस युरिया फेकतो, भाजी काढतो आणि मोकळा होतो. खत मुरायला तीन वर्षं लागतात, कुळाला हाकलायला तीन मिनिटं. पण बाईची खोड जाईना. मंडईतला पाला टेंपोनं आणून तिनं कुजवला, ताग पेरून गाडला. मुरमाड रान लोण्यासारखं मऊ केलं, आणि तिथंच घात झाला. ते नर्सरीवाल्याच्या डोळ्यात भरलं.

त्या संध्याकाळी तिनं पिशवी बंगल्यावर नेऊन दिली, घट्ट गाठ मारून.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. मातीत जीवच नाही, असं त्यात आकड्यांनिशी लिहिलं होतं. नर्सरीवाल्यानं तो वाचला, हात जोडले आणि गेला.

“तीन वर्षं काय माती खाल्लीस गं?” आप्पासाहेब खेकसले.

“म्हनून तर मी बी रान सोडते,” कौशल्या म्हणाली. “असली माती सुधराया पाच वर्षं पायजेत. कागद पाच वर्षांचा करा, नायतर तुमचं तुम्ही सांभाळा.”

मोकळ्या प्लॉटवर आज राडारोडा पडतो, उद्या टपरी उभी राहते, हे खराडीत शेंबड्या पोरालाही कळतं. मुकाट्यानं वकिलाकडे बसून आप्पासाहेबांनी पाच वर्षांचा कागद केला आणि सही ठोकली. कौशल्यानं आपली प्रत घडी घालून पदराला बांधली. तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

कागद आणि रिपोर्ट हातात घेऊन वकिलाच्या पायऱ्या उतरताना आप्पासाहेब जरा नरमले. “जाता जाता बंगल्यावर डोकाव. गुलाबांना किती औषधं मारली, एक कळी धरत नाहीत. काय झालंय, कळेना.”

“माती मेलीय, आप्पासाहेब,” कौशल्या म्हणाली. “तुमच्या हातातला रिपोर्ट त्याच वाफ्याचा हाय.”