शाबूत वाटा

लकव्यात सुगंधाची वाचा गेली. तिला आता काहीच कळत नाही, असं तिचा नवरा येसाजी धरून चालला होता. तो तिला मायेने भरवायचा, पण बोलायचा नाही.

तपासणीनंतर डॉक्टर ऋजुताने पडद्यावर मेंदूतल्या जोडण्यांचा नकाशा दाखवला. “शब्द ओठांवर आणणाऱ्या वाटा तुटल्यात, काका. ऐकून समजण्याच्या वाटा मात्र शाबूत आहेत.”

“म्हंजे मी बोललो तर हिला कळतं?”

“सगळं कळतं.”

परतताना रिक्षात येसाजी तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, “तांबडी व्याली गं. कालवड झाली. आन् आपल्या आरोहीला दिवस गेलेत. आजी होणार तू.” त्यानंतर तो थांबेचना.

कडाव गावात घरासमोर रिक्षा उभी राहिली. सुगंधाने डाव्या हाताने रिक्षावाल्याला खूण केली, अजून पुढे चल.