मागचा अंधार

सम्मेद लग्नांचे व्हिडिओ करायचा. रंग खरे दिसावेत म्हणून नवा मॉनिटर घ्यायला तो विश्रामबागला निघाला, तर त्याचे वडील, अण्णाही सोबत आले.

दुकानदाराने सम्मेदचा पेनड्राइव्ह लावला आणि नको तोच व्हिडिओ सुरू झाला. ताईने स्वतःच ठरवलेलं, कोरेगावातलं लग्न! "घरातलं कुणीबी जायचं न्हाई," असं अण्णांनी बजावलं होतं, तरी सम्मेदने चोरून जाऊन ते शूट केलं होतं. अण्णांची नजर पडद्यावरून हलेना.

"साध्या मॉनिटरवर मागचा अंधार नुसता काळा दिसतो," दुकानदार म्हणाला. "यात बघा, झाडाआडून अक्षता टाकणारे टोपीवाले पाहुणेसुद्धा दिसतात."

 

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हळूच खिशात घातली. "ह्यो नको रं, सम्मेद. ह्यात लय दिसतंय."